अनुभव धागा: आडवी बाटली, मतदानाचं गणित आणि तयारी

गावातलं परवान्याचं दारू दुकान मतदानानं बंद करण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या बायांना आहे, आणि 2008 च्या शासन आदेशानं त्याची पद्धतही ठरवून दिली आहे. तरी मतदान घेऊनही दुकान चालूच राहिलं, असं पुष्कळ गावांत होतं. कुठे काय अडतं, ते ज्यांनी हे काम जवळून केलंय त्यांनी लिहावं. स्वतःची कहाणी नको, दुसऱ्या गावाला उपयोगी पडेल असं लिहा.

गणित आधी

पहिला घोटाळा इथेच होतो. अर्जाला गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी 25 टक्के सह्या लागतात. मतदानात मात्र झालेल्या मतांपैकी निम्मी मिळून भागत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे चिठ्ठीवरच्या 'दुकान बंद' या चित्राला, पडावी लागतात. उभी बाटली म्हणजे दुकान चालू.

समजा, यादीत 1,240 बाया आहेत. अर्जाला 310 सह्या पुरतात, पण जिंकायला 621 मतं हवीत. 900 जणी आल्या, 610 आडवीला, 270 उभीला, 20 बाद. दुपटीहून जास्त मतं आडवीला, तरी दुकान चालूच. जी घरी बसली तिचं मत आपोआप दुकानाच्या बाजूनं मोजलं जातं. सभेत हा आकडा फळ्यावर लिहून दाखवा, नुसत्या भाषणानं तो डोक्यात बसत नाही.

याद्यांचं काम

वरच्या ताईंच्या हिशेबाला धरूनच सांगते. त्या 1,240 मध्ये वारलेल्या आजी आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत, पुण्या-मुंबईला कायमची गेलेली कुटुंबं आहेत. अशी 150 नावं निघाली तर प्रत्येक नाव तुमच्या विरोधातच धरलं जातं.

म्हणून अर्जाच्या चार-सहा महिने आधी यादी घेऊन घरोघरी फिरा. वारलेल्यांसाठी मृत्यूच्या दाखल्यासह नमुना 7, म्हणजे नाव वगळायचा अर्ज, बीएलओकडे (मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी) द्या. सासरी गेलेल्या मुलीनं तिकडे नमुना 8 भरून नाव हलवलं की इथलं नाव कमी होतं. नव्यानं आलेल्या सुनांची नावंही यादीत यायला हवीत. काम कंटाळवाणं आहे, पण मला विचाराल तर निम्मी लढाई इथेच आहे. मोर्चाला गर्दी जमते, यादीला चार जणीही बसत नाहीत, याचं फार वाईट वाटतं.

सह्या आणि पडताळणी

310 लागतात म्हणून 310 वर थांबू नका, 500 पर्यंत जा. अर्ज राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षकांकडे गेला की सह्यांची पडताळणी होते, आणि तिथे गळती ठरलेली.

गळती का होते? यादीत एक नाव, सही दुसऱ्याच नावानं. माहेरचं नाव, सासरचं नाव, गावात हाक मारायचं नाव, सगळा गोंधळ. तक्त्यात यादी भाग क्रमांक, अनुक्रमांक, यादीत जसं छापलंय तसं नाव आणि मग सही, असे रकाने ठेवा. अंगठा असेल तर शेजारी 'निशाणी अंगठा' लिहून साक्षीदाराची सही घ्या. घरातल्या एकीनं सगळ्यांच्या सह्या केल्या तर अख्खं पान संशयात येतं.

दुसरं म्हणजे, अधिकारी विचारतात, "सही तुमचीच का? कशासाठी केली?" बाई बोलली, "बचत गटाचा कागद म्हणून केली," की ती सही गेली. प्रत्येक पानाच्या डोक्यावर दुकानाचा परवाना प्रकार, क्रमांक आणि मागणी मोठ्या अक्षरात लिहा, आणि सही घेताना वाचून दाखवा. पडताळणीच्या आदल्या रात्री घरोघरी दमदाटी होते. त्या दिवशी दोन-दोन, तीन-तीन जणींनी मिळून जायचं.

मतदानाचा दिवस

चिठ्ठीवर दोन चित्रं असतात, उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवी म्हणजे बंद. कित्येकींना वाटतं, जी बाटली नको तिच्यावर शिक्का मारायचा, आणि शिक्का जातो उभीवर! भाषणात सांगून हे जात नाही. वहीच्या कागदावर दोन्ही चित्रं काढून म्हाताऱ्या बायांच्या हातात द्या, बोटानं दाखवायला सांगा. चुकली तर परत. शिक्का दोन्ही चित्रांवर आला तर मत बाद होण्याची भीती, तेही तेव्हाच दाखवा.

तारीख फार महत्त्वाची. ऊसतोडीच्या गावात दिवाळीनंतर मतदान लागलं तर निम्मं गाव फडावर. कोकणात लावणीच्या दिवसांत बाई चिखलातून वर येणार नाही. बाजाराचा दिवसही नको. तहसीलदारांना हे आधीच लेखी द्या आणि पोच घ्या.

बंद झाल्यावर

जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश निघाला की मालक सहसा अपिलात जातो, कधी उच्च न्यायालयातही. तिथे दारूचे तोटे कुणी विचारत नाही. मतदानाची नोटीस लागली होती का, यादी कुठली वापरली, पडताळणी कशी झाली, यावरच बोट ठेवलं जातं. म्हणून अर्जाची पोच, नोटिशीचा तारखेसह फोटो, मतमोजणीच्या निकालाची प्रत, सगळं एका फायलीत. आणि ती फाईल एकीच्याच घरी नको, झेरॉक्स दुसरीकडे ठेवा.

एक भर

मतदानानं फक्त परवान्याचं दुकान बंद होतं. हातभट्टी आणि पानटपरीमागची विक्री आधीच बेकायदा आहे, तिच्यासाठी मतदान लागत नाही, दारूबंदी कायद्याखाली गुन्हा लागतो. दुकान बंद झाल्यावर हीच विक्री वाढते, म्हणून ग्रामसभेतून ग्रामरक्षक दल, म्हणजे बेकायदा दारूवर लक्ष ठेवणारं गावकऱ्यांचं पथक, बसवून घ्या. त्याची तरतूद कायद्यात 2016 च्या दुरुस्तीनं आली आहे. तक्रार करताना "गावात दारू मिळते" असं मोघम लिहू नका. कुठल्या घरामागे, कुठल्या वारी, किती वाजता, मोटारसायकलवर की डब्यातून, असं लिहा आणि ठाण्यातून पोच घेतल्याशिवाय उठू नका.