मदत हवी आहे: रात्रीच्या ॲप्रोचला पापी सतत चार लाल

काळोखातला_कावळा
नाइट रेटिंगचे (रात्री विमान उडवण्याच्या पात्रतेचे) तास चालू आहेत. दिवसा ॲप्रोच (उतरायला रनवेकडे येणं) व्यवस्थित बसतो. रात्री फायनलवर (रनवेच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर) विमान उंच आहे असं वाटतं, म्हणून पॉवर काढतो आणि दोन मैलांवर पापी (उतरण्याचा कोन दाखवणारे रनवेशेजारचे चार दिवे; दोन पांढरे-दोन लाल म्हणजे बरोबर) चारही लाल, म्हणजे फार खाली. सहापैकी पाच सर्किटांत (उडून, फेरी मारून परत उतरण्यात) हेच. पापीचं सेटिंग बिघडलेलं असू शकतं का? शिवाय बेसवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) वळण्याआधी समोरचा एक दिवा सरकताना दिसतो. दुसरं विमान समजून दोनदा वाट बदलली. परवा चेक आहे, लवकर सांगा.

तिरपी_नजर
विमान कोणतं, वेग किती, रनवेची लांबी-रुंदी, चढ-उतार, थ्रेशोल्डच्या (रनवेच्या सुरुवातीच्या टोकाच्या) अलीकडे काय आहे? यातलं एकही दिलेलं नाही. उत्तर कशावर द्यायचं?

काळोखातला_कावळा
दोन सीटचं ट्रेनर, फायनलला ६५ नॉट. रनवे साधाच आहे. अलीकडे काही नाही.

तिरपी_नजर
"काही नाही" म्हणजे काय? शेत, पाणी, वस्ती?

काळोखातला_कावळा
तलाव. रात्री नुसता काळा. शहराचे दिवे रनवेच्या पलीकडे.

तिरपी_नजर
मग हेच सर्वांत महत्त्वाचं होतं आणि तेच तुम्ही गाळलंत! याला ब्लॅक होल ॲप्रोच म्हणतात. विमान आणि रनवे यांच्यामध्ये डोळ्याला धरायला काहीच नसलं की तो रनवेच्या आकारावरूनच उंची ठरवतो. रनवेच्या जवळच्या आणि लांबच्या टोकांमध्ये दिसणारा कोन नकळत तेवढाच ठेवला जातो, आणि मग विमान सरळ रेषेत न येता वर्तुळाच्या कमानीवरून येतं: आधी भराभर खाली, शेवटी चपटं. मधला सगळा वेळ ते उतरण्याच्या नेहमीच्या ३ अंशांच्या रेषेखाली असतं. बोइंगच्या कॉनराड क्राफ्ट यांनी १९६० च्या दशकात सिम्युलेटरवर जवळपास हाच देखावा मांडला होता, आणि नुसतं खिडकीतून बघून उतरणारे अनुभवी वैमानिकही खाली गेले होते. तेव्हा यात तुमचा हात कच्चा आहे असं काही नाही.

झगमग
एवढं कशाला? टॉवरला सांगून रनवेचे दिवे पूर्ण वाढवून घ्या. लख्ख दिसलं की प्रश्न मिटला. मी नेहमी हेच सुचवतो.

तिरपी_नजर
लख्ख दिवे असले की रनवे जवळ वाटतो आणि माणूस उंच राहतो, अंधूक असले की उलट. म्हणजे एक फसगत दुसऱ्या फसगतीने झाकायची? शिवाय डोळे अंधाराला पुरते सरावायला अर्धा तास लागतो, आणि एका झगझगाटात ते पाण्यात.

झगमग
पण तो तर खालीच जातोय ना! मग उंच राहिला तर बिघडलं कुठे?

पट्टीचा_माणूस
किती उंच राहील ते मोजता येत नाही, तिथेच बिघडलं. आता पापीबद्दल, कारण मूळ प्रश्न तो होता आणि त्याला कोणी हात लावला नाही. नावाने पापी असला तरी तो सहसा खोटं बोलत नाही. नेहमीच्या ३ अंशांच्या मांडणीत चार दिव्यांचे कोन २°३०′, २°५०′, ३°१०′ आणि ३°३०′ असतात. चारही लाल म्हणजे तुम्ही अडीच अंशांच्या खाली आहात. लेन्सवर दव किंवा बर्फ धरलं तर रंग बिघडतो, पण तेव्हा लालाच्या जागी पांढरं दिसण्याचा धोका असतो, आणि तुमची तक्रार लालाची आहे. हा पापी ३ अंशांचाच आहे ना, ते मात्र चार्टवर बघा. आणि रनवेची मापं द्या. दिवसा उतरता तो रनवेही हाच का?

काळोखातला_कावळा
नाही, दिवसाचा वेगळा. तो १८०० × ४५ मीटर, हा १२०० × २३. दोन्ही सपाट.

बॅटरीवाला
कॉकपिटमध्ये लाल टॉर्च वापरता का? चार्टवरच्या लाल रेघा लाल उजेडात गायब होतात. मंद पांढरा उजेड उत्तम.

पट्टीचा_माणूस
टॉर्च कोणी विचारली नव्हती. कावळे, गणित बघा. दिवसाच्या रनवेची लांबी रुंदीच्या ४० पट, रात्रीच्याची ५२ पट. लांबट-अरुंद रनवे म्हणजे "मी उंच आहे" असं डोळा समजतो. ओळखीचा आकार दिसेपर्यंत खाली गेलात तर ३ अंशांऐवजी सुमारे २.३ अंशांवर पोचता. चार लाल! तलाव नसता तरी हे झालंच असतं. "सपाट" हे डोळ्याने ठरवलंत की चार्टवरून? चढ म्हणजे दोन्ही थ्रेशोल्डच्या उंचीतला फरक भागिले लांबी.

तिरपी_नजर
अरुंद रनवेचा परिणाम मान्य, पण मूळ रोग तलावच. रुंद रनवेवरही ब्लॅक होल फसवतंच.

पट्टीचा_माणूस
दोन्ही रोगांना औषध एकच आहे, तेव्हा वाद सोडा. आकडे धरून उडा. उतरण्याचा दर = जमिनीच्या सापेक्ष वेग गुणिले ५, म्हणजे वारा नसेल तर ६५ नॉटला ३२५ फूट प्रति मिनिट. थ्रेशोल्डच्या वर ३ मैलांवर ९५०, २ मैलांवर ६४०, १ मैलावर ३२० फूट. मैल नॉटिकल, अंतर जीपीएसवरून, आणि आल्टिमीटर क्यूएनएचवर (समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवणाऱ्या सेटिंगवर) असेल तर त्यात थ्रेशोल्डची उंची मिळवा. लांबलचक फायनल नको, दीड मैलावर ५०० फुटांच्या आसपास वळा. तीन लाल झाले की तिथेच दुरुस्त करा. चार लाल झालेच तर पॉवर देऊन पातळी धरा, दोन पांढरे-दोन लाल येईपर्यंत खाली यायचं नाही. नुसतं नाक उचललंत तर वेग जाईल. ३०० फुटांखाली चार लाल दिसले तर गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर), आणि तेव्हा नजर आत, उपकरणांवर. अंधारात पॉवर दिल्यावर नाक वर गेल्याचा भास होतो आणि हात ते खाली दाबतो.

नक्षत्र
सरकत्या दिव्याचं राहिलं. काळोखात एकाच दिव्याकडे काही सेकंद टक लावली की तो स्थिर असूनही हलतो. नजर फिरती ठेवा, त्याच्या थोडं बाजूला बघा. विंडशील्डच्या चौकटीशी ताडून तो जागचा हलत नसेल तर भास समजा.

तिरपी_नजर
अर्धवट आणि धोकादायक. टक्कर होणारं विमानही काचेवर एकाच जागी राहतं, फक्त मोठं होत जातं. लाल-हिरवा दिवा दिसतो का, लुकलुकतो का, तेही बघायचं.

नक्षत्र
बरोबर, तेवढं राहिलं.

गाजरहलवा
अ जीवनसत्त्व कमी असेल तर रातांधळेपणा येतो. रक्त तपासा.

काळोखातला_कावळा
चार्ट पाहिला. पापी ३ अंशांचाच. लांबचं टोक ९ मीटर वर आहे.

पट्टीचा_माणूस
म्हणजे पाऊण टक्का चढ, ०.४ अंश. चढाचा रनवेही "उंच आहेस" असंच सांगतो. २.३ मधून ०.४ गेले, राहिले १.९. दोन मैलांवर ६४० ऐवजी जेमतेम ४०० फूट.

काळोखातला_कावळा
आणि परवा वारा फिरून दुसऱ्या टोकाकडून उतरावं लागलं तर?

पट्टीचा_माणूस
मग चढाचा उतार होतो. २.३ अधिक ०.४, म्हणजे २.७: एक पांढरा, तीन लाल. शिवाय त्या बाजूला खाली शहराचे दिवे, म्हणजे काळोखही नाही. पण त्या टोकाला पापी आहे का, ते आधी बघा.