आजारी कोंबडीला पातळ औषध पाजायचे तुमचे अनुभव

मानेवाड्याची कुंदा
काल वरच्या माळ्यावरच्या पोराला तापाचं औषध पाजून राहिले होते. धरायला आई, आजी आणि मावशी, तरी तो एकटा भारी. मला आमची चंपी आठवली. २०१३ चा मे, नागपुरात पारा ४७.९ वर गेला होता तो. कोंबडीला घाम येत नाही, म्हणून कूलरसमोर बसूनही चोच उघडी टाकून धापा टाकायची. त्यात शिटेत रक्त. डॉक्टर म्हणाले कॉक्सिडिओसिस, म्हणजे आतड्यातल्या परजीवींचा आजार, औषध पाण्यातून द्या. पण बाई पाण्याला तोंडच लावेना!

मग आईनं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात पंखांसकट गुंडाळून मांडीवर घेतली. मी सुई काढलेली सिरिंज घेऊन समोर. चोचीच्या कडेला एक थेंब टेकवायचा, तो आत गेला की मान वर करून गिळते, गळ्याची पिसं जराशी हलतात. मग पुढचा थेंब. घाई करायची नाही. आजी चुलीवरचं सोडून बघायला यायची न म्हणायची, "तुझ्या बापाला तापात एवढं कोणी पाजलं नव्हतं."
वाचली चंपी. तुम्हीही लिहा.

गोधनीकर
कडेनं थेंब हेच बरोबर. जिभेच्या मुळाशीच श्वासनळीचं तोंड असते. मधोमध ओतलं की सरळ फुप्फुसात. आमच्या शेजाऱ्यानं चमच्यानं ओतलं, कोंबडी तिथंच गेली. उताणी तर धरूच नका.

पोळी_करपली
आमच्या घरी कोंबडी नाही, नवरा आहे. खोकल्याचं औषध पाजायला लुगडं चालेल का?

मानेवाड्याची कुंदा
@पोळी_करपली डोळ्यांवर फडकं टाका. अंधारात शांत होतात. कोंबड्यांचं सांगून राहिले.

इतवारीचा मोठा
सावजीवाले धाग्यावर येऊ नका रे.

वाडीवाली
गुंडाळताना छाती आवळू नका बरं. त्यांना आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा (श्वासपटल) नसतो, छातीचं हाड हलवूनच श्वास घेतात. घट्ट धरलं तर औषधाच्या आधीच जीव जाईल. कुकर झाला, येते.

दिघोरीची सून
आमच्या राणीची मान वाकडी झाली, गोल गोल फिरायला लागली. राणीखेत रोग. पातळ औषधं पाजली, गूळपाणी पाजलं, काही उपयोग नाही. विषाणूवर औषधच नाही म्हणे, लसच आधी हवी. आता पिल्लं आणली की पहिल्या आठवड्यातच लासोटा लसीचा थेंब डोळ्यात. तो थेंब टाकताना अजून राणीच दिसते.

गोधनीकर
वाईट वाटलं ताई.

धरमपेठ_४०
सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात नेलं होतं आम्ही. रांगेत सगळे लॅब्रॅडोर, अन आमची थैलीतून डोकं काढून बघून राहिली. एक कुत्रा भुंकला तर हिनं त्याच्याकडे असं पाह्यलं की तोच मालकाच्या पायात.

पोळी_करपली
औषध चालू असताना अंडी खायची का?

वाडीवाली
नाही. डॉक्टर सांगतील तितके दिवस फेकायची. आमच्या सासूबाई फेकू देत नाहीत, लपवून ठेवतात न मग कुत्र्याला घालतात. ते तरी कुठं बरोबर आहे.

इतवारीचा मोठा
काकू, कुत्र्याचा काय दोष?

वाडीवाली
सासूबाईंना विचार, मले काहून विचारतो बाप्पा.

दिघोरीची सून
कोणी सांगा, आजारी कोंबडी वेगळी ठेवायला डालगं कुठं मिळते आता? आमचं उंदरानं कुरतडलं. प्लास्टिकचं आणलं तर उन्हात तडकलं.

गोधनीकर
बुरडाकडून करून घ्या. बांबू वाळलेला आहे का बघा, ओल्याचं केलं की महिन्यात सैल पडते.