मदत हवी आहे : पडद्यावर शिकलेली लॅकमन चाचणी हाताला कशी कळावी?

मी रत्नागिरी जिल्ह्यात फिजिओथेरपीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. लॅकमन चाचणी म्हणजे गुडघ्यातले एसीएल हे लिगामेंट (मांडीचे आणि नडगीचे हाड जोडणारा बंध) शाबूत आहे की तुटले आहे, हे हाताने तपासणे. गुडघा २० ते ३० अंशांत वाकवून, एका हाताने मांडी स्थिर धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढायची, हा क्रम व्हर्च्युअल स्किल्स लॅबमध्ये हवा तितक्या वेळा थांबवून पाहता येतो आणि तो मला पाठही झाला आहे. मात्र लिगामेंट शाबूत असताना शेवटी लागणारा ठाम अटकाव आणि ते तुटल्यावर जाणवणारा मऊ, सैल शेवट यांतला फरक पडद्यावरून बोटांना कळत नाही, आणि रुग्णासमोर नेमका तोच ओळखायचा असतो.

मैत्रिणींच्या गुडघ्यांवर सराव केला, पण ते सगळे निरोगी आहेत. माझे हात लहान असल्याने पकड सुटत होती. मांडीखाली स्वतःचा गुडघा ठेवल्यावर ती अडचण बरीच कमी झाली. देखरेखीशिवाय रुग्णावर चाचणी करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. सरावासाठी गुडघ्याचे मॉडेल परवडणारे नाही, शिवाय पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क वरचेवर जात असल्याने थेट ऑनलाइन वर्गांवर विसंबता येत नाही.

अशाच पद्धतीने शिकून आता ओपीडीत काम करणाऱ्यांनी कृपया सांगावे : हा अटकाव ओळखण्याची हाताची सवय आपण घरी कशी लावली, आणि शिक्षकांसोबतच्या मोजक्या वेळात सर्वांत आधी काय करून पाहावे?