मटणासोबत पेरू खुशाल, मध बेतानं

नुसतं मटण-अंडी खाणाऱ्यानं फळ, मध शिवूच नये, हे मला पटत नाही. तासभर शिजलेल्या मटणात क जीवनसत्त्व जवळपास नसतंच. १०० ग्रॅम पेरूत ते २०० मिलिग्रॅमच्या पुढे. निव्वळ मांसाचा पुरस्कार करणाऱ्या पॉल सलादिनो या अमेरिकी डॉक्टरांनीही पुढे फळं, मध सुरू केलंच की.

मधाचं मात्र सांभाळा. एका मोठ्या चमच्यात साधारण १७ ग्रॅम साखर. दिवसाला २० ग्रॅम कर्बोदकांची मर्यादा पाळणाऱ्याचा वाटा तिथंच संपत आला. आपल्या बालाघाटातलं सीताफळही तसंच गोड. जालन्याची मोसंबी त्यामानानं सौम्य, पण रस काढू नका, फोडी खा. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारा, हे कळकळीनं सांगतो.