खरेदीखतातल्या ‘रेशियल कव्हेनंट’ला काय म्हणावं?

ओसरी:
अमेरिकेतल्या मिनियापोलिसच्या ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ प्रकल्पावर लेख लिहितेय. 2016पासून मिनेसोटा विद्यापीठातली मंडळी आणि गावातले स्वयंसेवक जुनी खरेदीखतं वाचताहेत. संशयास्पद शब्द असलेली पानं संगणक वेगळी काढतो, मग माणसं ती तपासतात आणि ती घरं नकाशावर येतात. 1910च्या एका खतात चिनी, जपानी, मूर, तुर्क, निग्रो, मंगोल किंवा आफ्रिकी रक्ताच्या कुणालाही ही जागा विकायची, गहाण टाकायची वा भाड्याने द्यायची नाही, असं लिहिलंय. हाच ‘रेशियल कव्हेनंट’. याला ‘करार’ म्हणू?

पाटपाणी:
करार नको. करार दोघांतला. ही अट जमिनीलाच चिकटते, पाचवा खरेदीदारही तिच्यात अडकतो. ‘शर्त’ म्हणा. नवीन शर्तीची जमीन गावात कुणालाही कळते.

कुळकथा:
पण नवीन शर्त सरकार घालतं, तीही बहुधा गरिबाला वाटलेली जमीन कुणी लाटू नये म्हणून. तिथे बिल्डर आणि मालक खासगीत घालायचे नि कोर्टं ती राबवायची! 1948मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात तिथल्या सुप्रीम कोर्टाने ते राबवणं थांबवलं, तरी खतांत लिहिणं सुरूच. मिनेसोटा राज्याने अशा शर्ती नव्याने घालण्यावर बंदी आणली ती 1953 साली. ‘वर्णबंदीची शर्त’ कसं वाटतं?

पाटपाणी:
‘वर्ण’ म्हटलं की अर्धे वाचक चातुर्वर्ण्यात शिरतील. आणि ‘वंशबंदी’ तर नसबंदीची बहीण वाटते.

ओसरी:
:) मग ‘वंशभेदी शर्त’. आता पुढचं. 2019च्या कायद्याने घरमालकाला ती ‘डिस्चार्ज’ करता येते. ‘बोजा कमी करणे’ चालेल?

कुळकथा:
अजिबात नाही. बोजा म्हणजे मालकाच्या डोक्यावरचं देणं. इथे गोऱ्या मालकाचं नुकसान कुठे झालं? झळ लागली ती ज्यांना घर घेऊच दिलं नाही त्यांना. शिवाय मूळ खत दप्तरात तसंच राहतं, शर्त नाकारल्याचा नवा दस्त वेगळा नोंदवतात. सातबाऱ्यावर पूर्वी जुन्या नावाला कंस करायचे, नाव वाचता यायचंच, तसं काहीसं.

पाटपाणी:
कंस! पण पुण्या-मुंबईतल्या फ्लॅटवाल्यांना कळेल?

ओसरी:
पहिल्यांदा येईल तिथे अर्ध्या ओळीत सांगते. ‘रद्द केली’ टाळते, ‘पुसली’ तर नाहीच. चौकटीचा मथळा: ‘वंशभेदी शर्तीला कंस’.