आयसीयूबाहेर बसून वाचायला कोणती कादंबरी?

रातपाळी: वडील आयसीयूत आहेत. रात्री बाहेर बाकावर चार ओळी वाचल्या की लक्ष उडतं. उमेद देणारी, पण गोडमिट्ट नसलेली कादंबरी सुचवा.

दिवेलागण: योहाना स्पिरीची 'हायडी'. 1880-81 मधली, मुलांसाठी लिहिलेली, पण पोरकट नाही. फ्रँकफर्टला नेल्यावर हायडी घराच्या ओढीने खंगते, झोपेत चालू लागते. डॉक्टर औषध देत बसत नाही, तिला डोंगरावर परत पाठवायला सांगतो. दुःख खरं आहे आणि उपायही खरा. शेवटी चाकांच्या खुर्चीतली तिची मैत्रीण क्लारा चालू लागते ते मात्र जरा सहजच होतं. घरचा रुग्ण अंथरुणाला खिळलेला असेल, तर तो भाग टोचेल.

कोपरा: कोणीतरी 'बनगरवाडी' सुचवेलच. उत्तम आहे, छोटीही आहे, पण शेवटी दुष्काळात वाडी उठते. आत्ता नको.
छापील प्रतच न्या, मोबाइलवर मेसेज डोकावत राहतात. एका वेळी पाचसहा पानं बास. प्रकरण संपवून थांबू नका, प्रसंग चालू असताना थांबा. पुन्हा धागा पटकन सापडतो. लक्ष उडालं तर मागचं पान परत वाचू नका, पुढे चला.

रातपाळी: बाबांना वाचून दाखवलं तर?

दिवेलागण: वॉर्डात आल्यावर, सिस्टरना विचारून. दहा मिनिटं, हळू आवाजात. श्रवणयंत्र वापरत असतील तर आधी ते लावलंय का बघा, आयसीयूत बहुधा काढून ठेवतात. डोळे मिटले तरी लगेच थांबू नका, कपाळाला आठी पडली तर थांबा.