जास्वंदीचा रंग तेलात का उतरत नाही? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

दारात लाल जास्वंद आहे, साधी, पाच पाकळ्यांची. आईचे केस फार गळतायत म्हणून तेल घरीच करायला घेतलं. दोनदा केलं, दोन्हीदा मनासारखं झालं नाही.

आधी ताज्या पाकळ्या खोबरेलात घालून बरणी उन्हात ठेवली. आठव्या दिवशी बघते तर तळाशी पाण्याचे थेंब, भोवती लिबलिबीत झालेल्या पाकळ्या आणि झाकण उघडताच आंबूस वास. सगळं फेकलं. मग दुसऱ्यांदा मंद आचेवर कढवलं. पाकळ्या काळ्या, कुरकुरीत झाल्या, तेल मात्र पिवळट. लाल रंगाचा मागमूस नाही. उरलेली चार फुलं गरम पाण्यात टाकली, तर पाणी लगेच जांभळं झालं आणि लिंबू पिळल्यावर लालभडक! मग फुलातलं सगळं पाण्यातच जातं का? आईच्या डोक्याला मी नुसतंच तापवलेलं खोबरेल चोळतेय का?

शिवाय आईला जास्वंदीचा चहा प्यायचाय. तिला बीपीची गोळी चालू आहे. जाणकारांनी कृपया सांगा.

प्रतिसाद

ताई, तेल रंगावरून जोखू नका. तो लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा. तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही, आणि जास्त उष्णतेने मोडतो. आंबट पडलं की लाल होतो, ते तुम्ही पाहिलंतच. पाकळ्यांची बुळबुळही पाण्यातच सुटते. तेलात उतरतं ते फक्त तेलात विरघळणारं.

आयुर्वेदातल्या तैलपाकाचं, म्हणजे औषधी तेल शिजवण्याचं, साधारण माप असं: कल्क (वाटलेल्या फुलांचा गोळा) १ भाग, तेल ४ भाग, पाणी किंवा काढा १६ भाग. पाणी पूर्ण आटेपर्यंत मंद आचेवर शिजवायचं. कल्काची वात वळता आली आणि विस्तवावर धरल्यावर तडतडली नाही, की उतरवायचं. तडतडली तर पाणी शिल्लक आहे. तुमची बरणीही ताज्या पाकळ्यांतल्या पाण्यानेच आंबली. उन्हात मुरवायचंच असेल तर फुलं आधी सावलीत कडकडीत वाळवा.

बुळबुळ हवी असेल तर ताजी फुलं गार पाण्यात कुस्करून, गाळून केसांना लावा. ते पाणी त्याच दिवशी संपवा.

चहाचं मात्र जपून. दुकानातला 'हिबिस्कस टी' आपल्या दारच्या जास्वंदीचा नसतो, लाल अंबाडीच्या बोंडांचा असतो. बीपीवरचे बहुतेक अभ्यासही त्याच बोंडांवर झालेत. अंबाडीने बीपी उतरू शकतं, त्यात गोळी चालू. डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईंना दोन्हींपैकी काहीच देऊ नका.